समुद्राच्या वाटेवरील देवराया

सुटी लागली, की पुणेकराचे मन समुद्राकडे धाव घेते; आणि ज्यांना श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर गाठावयाचे असते त्यांच्यापैकी काही जण साताऱ्याच्या हमरस्त्याने कापूरहोळपर्यंत येऊन उजवीकडे वळतात, भोर ओलांडतात, नीरा-देवघरच्या जलाशयाला वळसा घालतात आणि वरंधा घाटाने महाडास उतरतात. घाटात वाघजाईचे देऊळ लागते. तेथे मोटारी थांबतात, कढईतून निघालेली कांदाभजी आणि चहा होतो, माकडांपासून पिशव्या सांभाळण्याची धांदल उडते, देवीला उभ्याउभ्या हात जोडले जातात आणि मंडळी किनाऱ्याकडे मार्गस्थ होतात. जी देवी भज्यांच्या निमित्ताने ओझरती भेटली, तिच्या गोत्रातील जननी, सोमजाई, काळकाई, शिरकाई या देवतांची ठाणी मागे टाकलेल्या डोंगरखोऱ्यांत विखुरलेली आहेत, आणि त्यांतील कित्येक ठाण्यांभोवती सह्याद्रीचे मूळचे अरण्य अद्याप शिल्लक आहे, याची वार्ता फारच थोड्यांना असते. समुद्र चार तास उशिरा भेटला तरी चालेल असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे दोन डोंगरी तालुके. वेल्ह्याला अलीकडे राजगड तालुका असे नाव मिळाले असले, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून येथेही तेच ठेवतो. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही बारा मावळांतील प्रसिद्ध नावे याच प्रदेशातील. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्लेही इथलेच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि पुढे त्यांच्या वंशजांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत नांदले. त्यामुळे या मुलुखातील पुष्कळ जमिनींचा इतिहास इंग्रजी दप्तरापेक्षा सचिवांच्या दप्तरातून अधिक उलगडतो. किल्ल्यांवर आणि संस्थानावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यांचा निरोप येथेच घेऊ. आपल्या विषयाला महत्त्वाची आहे ती येथील पर्जन्याची चढण. भोर गावातून पश्चिमेकडे निघाले, की दर काही मैलांगणिक पावसाचे मान वाढत जाते आणि नीरेचा उगम जेथे आहे त्या शिरगावच्या बाजूला, घाटमाथ्यावर, ते मूळच्या कित्येक पटींवर पोचते. एकाच दिवसाच्या प्रवासात बाभळी-बोरींचा कोरडा माळ, पानगळीचे रान आणि घाटमाथ्याचे सदाहरित अरण्य ही तिन्ही रूपे ओळीने दृष्टीस पडावीत अशी ही रचना आहे. मात्र आज ही तिन्ही रूपे आपल्या खऱ्या स्वरूपात पाहावयाची, तर बहुतेक ठिकाणी देवाच्याच आश्रयाला जावे लागते.

देवराई, म्हणजे देवतेच्या नावाने राखलेले रान, दुरूनच ओळखू येते. उन्हाळ्यात समोरची डोंगरउतरण पिवळी-तांबूस पडलेली असते, वणव्याचे काळे पट्टे तिच्यावर दिसतात, आणि मध्येच घडीव कडांचा, गर्द हिरव्या रंगाचा एक ठिपका उमटलेला असतो. त्याची कड इतकी स्पष्ट का, याचे उत्तर राईबाहेरच्या झाडांच्या अंगावर लिहिलेले आहे. मावळात भात आणि नाचणी यांची रोपे तयार करण्यासाठी राब भाजण्याची रीत होती व काही ठिकाणी ती आजही आहे: ऐन, किंजळ अशा झाडांचे टहाळ तोडावयाचे, ते वाफ्यावर शेण, गवत आणि पाचोळ्यासह पसरावयाचे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पेटवून द्यावयाचे, म्हणजे माती भाजून निघते, तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. या रितीमुळे शेतालगतच्या झाडांना वर्षानुवर्षे फांद्याच ठेवता आल्या नाहीत. त्यांचे बुंधे गाठाळलेले आणि डोकी खुंटलेली दिसतात. राईच्या शिवेच्या आत मात्र टहाळाला कोयता लागत नाही. शिवेबाहेर पुरुष-दीड पुरुष उंचीवर थबकलेला किंजळ, आणि त्यापासून दहा पावलांवर मान वर केल्याखेरीज शेंडा न दिसणारा त्याचाच भाऊबंद, ही जोडी एकदा पाहिली, की नियम म्हणजे काय चीज असते ते वेगळे सांगावे लागत नाही.

आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो पायांखालचा फरक. पाचोळ्याचा थर घोट्यापर्यंत येतो, तो वरून कोरडा आणि बोटभर खाली ओलसर असतो, आणि त्याखालची माती मुठीत दाबली तर काळी, भुसभुशीत, कुजलेल्या पानांचा गंध देणारी लागते. वर उंच छताला जांभूळ, आंबा, बेहडा, नाणा, पायर अशी मोठी झाडे. त्यांच्या सावलीत अंजनी आणि पिसा. आणि या साऱ्यांना एकमेकांशी जखडून टाकणाऱ्या महावेली. घाटमाथ्याकडील रायांत गारंबीची वेल भेटते, तिचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड होते आणि शेंग सहज हातभराहून लांब वाढते. भेरली माडाचे लांबलचक तुरे लोंबताना दिसले, तर आपण पावसाच्या प्रदेशात शिरलो असे खुशाल समजावे. आंब्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: बागेतला कलमी आंबा पाहिलेल्या माणसाला राईतला रायवळ आंबा ओळखताच येत नाही, कारण त्याचे खोड सरळ तीन-चार पुरुष वर गेल्यावर त्याला पहिली फांदी फुटते, आणि फळे खाली पडतात ती माकडांनी व वटवाघळांनी उष्टी केलेली.

या झाडांच्या मधोमध देवता असते. बहुतेक जुन्या ठाण्यांवर तिला घडीव मूर्ती नसते. शेंदूर माखलेला तांदळा, फार तर दोन-चार तांदळे ओळीने मांडलेले, जवळ एखादी वीरगळ, नवसाचे लाकडी पाळणे, मातीचे घोडे, हिरव्या बांगड्या आणि दगडावर फोडलेल्या नारळांची करवंटी, एवढाच तिचा संसार. कित्येक ठिकाणी तिला छप्परही नसते, आणि ते नसण्याचे कारण दारिद्र्य नव्हे. देवीला छाया चालत नाही, तिने छप्पर उडवून दिले, अशा कथा सह्याद्रीत अनेक गावी सांगितल्या जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पुण्याच्या आसपासच्या अशाच मातृदेवतांचा माग काढताना, त्यांची ठाणी जुन्या पायवाटांवर आणि पशुपालकांच्या मुक्कामांवर कशी सापडतात, आणि नांगराखालची वसाहत स्थिरावण्यापूर्वीच्या काळाशी त्यांचे नाते कसे पोचते, हे दाखविले. त्यांचा निष्कर्ष कोणाला सर्वस्वी पटो वा न पटो, पण ही देवी गावापेक्षा जुनी आहे आणि तिचे रान देवळापेक्षा जुने आहे, हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढची बरीचशी गफलत हा क्रम उलटा धरल्यामुळे झालेली आहे.

शहरी वाचकाचा सर्वसाधारण समज असा, की लोक देवाच्या कोपाला भितात म्हणून झाडे वाचली. हा समज निखालस खोटा नाही, पण अपुरा आहे. नुसत्या भीतीने राखलेली वस्तू भीती ओसरताच लुटली जाते. राई शतकानुशतके टिकली ती भीतीला जोडून एक चोख कारभार होता म्हणून. त्या कारभारात मनाई होती तशी मुभाही होती. वठून पडलेले लाकूडही कोणी घरी न्यावयाचे नाही असा काही गावांचा कडक शिरस्ता, तर काही गावी पडलेली फळे, मध आणि औषधाची मुळी-साल सर्वांना मोकळी. आगीत घर जळाले, देवळाची तुळई मोडली किंवा गावावर तसाच प्रसंग आला, तर झाड मागता येई. मात्र ते मागावयाचे देवीकडे, आणि देवीचे उत्तर मिळावयाचे कौलाने.

कौल लावण्याचा विधी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. पुजारी, मग तो गुरव असो की कोळी, तांदळा धुऊन घेतो आणि भिजवलेल्या पाकळ्या, पाने किंवा तांदळाचे दाणे त्याच्या उजव्या व डाव्या अंगाला चिकटवतो. मानकरी व गावकरी समोर बसलेले असतात. मग गाऱ्हाणे घातले जाते, त्यात मागणाऱ्याचे नाव, त्याची अडचण आणि मागणी स्पष्ट उच्चारली जाते. त्यानंतर सर्वांनी थांबावयाचे. उजवीकडचा कौल आधी पडला तर रुकार, डावीकडचा पडला तर नकार, आणि काहीच पडले नाही तर बसून राहावयाचे किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा यावयाचे. पाकळी कोणत्या बाजूची आधी सुकते याचे शास्त्र शोधण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे आहे ते हे, की ज्याला लाकूड हवे त्याला आपली गरज साऱ्या गावासमोर, मोठ्याने, कारणासह सांगावी लागत असे, आणि उत्तर मिळेपर्यंत ताटकळत बसावे लागत असे. अधिकाऱ्याच्या कचेरीत बंद दाराआड होणाऱ्या परवान्यापेक्षा ही पद्धत अधिक पारदर्शक होती, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. शिवाय पाटलाला एक न्याय आणि कुळाला दुसरा असे करण्याची सोय तिच्यात कमी होती, जरी अगदीच नव्हती असे नाही. देवीच्या मानपानात कोण पुढे व कोण मागे याचे कज्जे गावोगाव झाले आहेत, आणि कोणाच्या सावलीचा विटाळ धरला जाई, हेही विसरून चालणार नाही. राईच्या जुन्या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्यातील ही कुरूपता झाकण्याचे कारण नाही.

या साऱ्याला लेखी सनद अशी क्वचितच असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसांवर हात टाकू नये अशी ताकीद आहे, म्हणजे झाडाचा विचार राज्यकर्त्यांनीही केला होता; परंतु राईचा कायदा कोणत्याही राजाच्या दप्तरात निर्माण झालेला नाही. तो गावाने केला आणि गावाने पाळला. इंग्रजी अमदानीत वनखात्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस यांनी हिंदुस्थानातील पवित्र वनांची आवर्जून नोंद केली, तरी त्यांच्या खात्याच्या नकाशात अशा वनांना स्वतंत्र घर मिळाले नाही. आजही एखादी राई महसूल खात्याच्या जमिनीवर, एखादी वनखात्याच्या, एखादी देवस्थान इनामात आणि एखादी चक्क खाजगी सातबाऱ्यावर सापडते; देवी एक, झाडे एक, पण मालक चार.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे रीतसर सुरू झाला तो पुण्यातूनच. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि त्या वेळी तरुण असलेले माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सह्याद्रीतील देवराया पायांखाली घालण्यास प्रारंभ केला, १९७०च्या दशकाच्या मध्यास त्यांचे लेख प्रसिद्ध झाले, आणि १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातील २००हून अधिक देवरायांची सूची सादर केली. वर्तकांचे लक्ष दुर्मीळ वनस्पतींवर, तर गाडगीळांचे लोकांच्या वागणुकीवर अधिक, त्यामुळे ही जोडी विषयाला साजेशी ठरली. त्यांचे लिखाण वाचून श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांच्याशी संपर्क साधला: आमची राई तोडीच्या यादीत आली आहे, ती वाचवा. शास्त्रज्ञ तेथे गेले तेव्हा लोकांनी देवीचे माहात्म्य सांगितले खरे, पण त्याबरोबर त्यांनी झरा दाखविला; बारमाही पाणी देणारा तो झरा राईतून येत होता आणि राई गेली तर तोही जाईल, ही त्यांची खरी चिंता होती. वनखात्याला हे पटविण्यात आले आणि तोड थांबली.

झऱ्याची ही गोष्ट भोर-वेल्ह्यालाही तंतोतंत लागू पडते. येथील डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचे एकावर एक निजलेले थर. त्यांतला एखादा थर घट्ट, पाणी आत न घेणारा. एखादा भेगाळलेला, पोकळ्यांचा. आणि दोहोंच्या मध्ये कित्येकदा गेरूसारख्या तांबड्या मातीची पट्टी. वरून झिरपलेले पाणी भेगाळ थरातून खाली येते, घट्ट थर किंवा ही तांबडी पट्टी लागली की अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते, तेथे झरा होतो. पण पाणी झिरपण्यासाठी आधी थांबले पाहिजे. उघड्या उतरणीवर आषाढाचे पाणी पडले, की ते घटकाभरात मातीसह ओढ्यात जाते, आणि ज्या गावांवर आभाळ कोसळते त्याच गावांतील बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन दरीत उतरतात. राईतला पाचोळा, मुळांनी पोखरलेली भुसभुशीत माती आणि पानांचे दुमजली-तिमजली छत हे पाण्याला थांबवितात. म्हणून जुन्या रायांत देवीच्या शेजारी पुष्कळदा एक कुंड किंवा टाके असते, आणि भर उन्हाळ्यात त्याच्या काठी गव्या-बिबट्यांपासून फुलपाखरांपर्यंत साऱ्यांची हजेरी लागते. देवीचे ठाणे पाण्यापाशी आले की पाणी देवीच्या रानामुळे राहिले, हा वाद घालण्यापेक्षा दोन्ही एकमेकांना धरून आहेत असे म्हणणे बरे.

भोर तालुक्यातील नांदघूर या गावी सोमजाईची राई आहे, आणि तिच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. राईतील झाडांनी हवेतला किती कार्बन आपल्या देहात साठविला आहे, हे त्यांना काढावयाचे होते. रीत साधी आहे: माणसाच्या छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर मोजावयाचा, झाडाची उंची काढावयाची, लाकडाच्या घनतेवरून झाडाचे वजन ठरवावयाचे, जमिनीखालच्या मुळांसाठी त्यात भर घालावयाची आणि येणाऱ्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन धरावयाचा. या हिशेबात पहिला क्रमांक बेहड्याने पटकावला. येथे महाभारतातील नलोपाख्यान आठवल्यावाचून राहत नाही. नळाच्या देहातून बाहेर पडलेला कली बेहड्यात शिरला आणि तेव्हापासून ते झाड निंद्य ठरले, अशी ती कथा. आणि त्याच झाडापाशी ऋतुपर्ण राजाने त्याच्या पानाफळांची संख्या नुसत्या दृष्टिक्षेपाने सांगितली होती. ऋतुपर्णाची विद्या लुप्त झाल्यामुळे आपल्या शास्त्रज्ञांना टेप घेऊन हिंडावे लागले, एवढाच काय तो फरक. बेहडा घराजवळ लावू नये, त्याचे लाकूड घराला वापरू नये, हा समज मावळात आहेच. त्या समजानेही काही बेहडे म्हातारे होऊ शकले असतील. आणि म्हाताऱ्या बेहड्याची मातब्बरी कोणाला विचारावी, तर धनेश पक्ष्याला. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, एका फटीपुरती जागा ठेवते, आणि पिले मोठी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून फळे भरवीत राहतो. एवढी ऐसपैस ढोली तरण्या झाडाला नसते. लागवडीच्या जंगलात झाडे पुष्कळ असतात, पण ढोल्या नसतात, कारण ढोली पडण्याच्या वयापर्यंत तेथे कोणी झाड ठेवीत नाही.

आता ऱ्हासाकडे वळावे लागते. पुण्याला कोळसा हवा होता आणि धरणांसाठी डोंगरांत सडका पोचल्या. पानशेतचे धरण वेल्ह्याच्या हद्दीतले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, एवढेच बहुतेकांना स्मरते, परंतु त्या धरणाने खोऱ्यातील सुपीक भातखाचरे पाण्याखाली घातली आणि उखडलेल्या शेतकऱ्यांना उतरणीवरची झाडे कोळसेवाल्यांना विकण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही, हा भाग पुण्याच्या आठवणीत नाही. खाजगी मालकीचे डोंगर उघडे पडले, तेव्हा त्या परिसरात उभे राहिले ते देवीचे रान. शिरकोलीची शिरकाई त्या जलाशयाच्या काठी आजही पाहावयास मिळते.

म्हणजे कोळशाच्या भट्टीपासून देवीने रान वाचविले. पण देवीच्या भक्तीपासून ते कोण वाचविणार, हा गेल्या काही दशकांतील खरा प्रश्न आहे, आणि हा लेख लिहिण्याचे मुख्य कारणही तेच. गावातील मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेली, चार पैसे गाठीस लागले, आणि देवीचे ऋण फेडावे ही स्वाभाविक इच्छा त्यांच्या मनात आली. ते ऋण त्यांनी शहरात पाहिलेल्या देवळाच्या रूपाने फेडले. तांदळ्यावर सिमेंटचा घुमट चढला, समोर सभामंडप आला, फरशी आली, रंगीत कमान आली, मोटार दारापर्यंत जावी म्हणून रस्ता आला. शेंदराच्या तांदळ्याशेजारी संगमरवरी, सिंहारूढ, अष्टभुजा मूर्ती बसली आणि सोमजाई की वाघजाई या नावापुढे दुर्गेचे रूप आहे असा खुलासा जोडला गेला. यातल्या प्रत्येक पायरीला काही झाडे गेली, आणि तीही सर्वांच्या संमतीने, उजव्या कौलाने, देवीच्याच कामासाठी गेली! देवळाच्या कामाला राईचे लाकूड चालते हा जुना अपवाद. पूर्वी तो तुळईपुरता होता, आता त्याच्या पोटात आख्खा सभामंडप शिरला. ज्या रानाला बाहेरचा शत्रू जिंकू शकला नाही ते जीर्णोद्धार समितीपुढे हरते. मला गावकऱ्यांना दोष द्यावयाचा नाही. आपल्या देवीने उघड्यावर राहू नये असे वाटणे हा अपराध नव्हे. पण तिच्या उघड्यावर राहण्यातच तिचे वैभव होते, हे त्यांना सांगणारी पिढी सरली आहे. दुसरे संकट त्याहून सोपे आहे: डोंगर विकले जात आहेत, पुणेकरांची शेतघरे उठत आहेत, आणि राई खाजगी सातबाऱ्यावर असली तर तिचे भवितव्य खरेदीखतावर ठरते.

पाहुण्याने या सर्वांत कसे वागावे? याचे एक उदाहरण दूरच्या उष्ण किनाऱ्यावरून घेता येईल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात, मिजिकेंडा लोकांची ‘काया’ नावाची पवित्र वने आहेत. पूर्वजांच्या तटबंद वसाहती या वनांत होत्या, वसाहती उठल्या आणि वने वडीलधाऱ्यांच्या राखणीत राहिली. २००८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्यांपैकी काया किनोंडो हे वन डिआनीच्या प्रसिद्ध पुळणीला लागूनच आहे, आणि समुद्रस्नानाला आलेल्या प्रवाशाला ते पाहता येते. मात्र कमरेला काळे वस्त्र गुंडाळून, स्थानिक वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेली रक्कम देऊन. रक्कम गावाच्या उपयोगी पडते. यातील काळ्या वस्त्राची युक्ती मला फार आवडते: पाहुणा ते कमरेला बांधतो, त्याच क्षणी तो प्रेक्षक न राहता तेथल्या शिस्तीचा भाग होतो. आपल्याकडे पायताण बाहेर काढण्याची रीत हेच काम करीत आली आहे, पण राईभर अनवाणी चालावयाचे की केवळ तांदळ्यापाशी, हे गावागणिक बदलते, म्हणून विचारल्याखेरीज कळत नाही.

विचारणे हेच खरे. गावात शिरल्यावर मारुतीच्या पारावर कोणी ना कोणी वडीलधारे बसलेले असतात, “मामा, देवीच्या रानात जाऊन आलो तर चालेल का?” एवढा प्रश्न केला, की बहुधा एखादा पोरगा सोबतीला मिळतो आणि त्याच्याबरोबर नकाशावर नसलेली माहितीही मिळते: कोणत्या झाडावर आग्या मोहळ आहे, कोणत्या बाजूला बायकांनी जावयाचे नाही असा समज आहे, कोणत्या दिवशी रान पूर्ण बंद असते. बायकांवरील ही बंदी मान्य नसली तर ती मोडण्याचे स्थळ पाहुण्याची पहिली भेट हे नव्हे. तो वाद गावातल्या स्त्रियाच घालतील, आणि काही गावी घालीतही आहेत. संस्कृतीचे दर्शन हवे असेल तर चैत्रातील यात्रेच्या सुमारास किंवा दसऱ्याला जावे. रात्री छबिना निघतो, पालखी खांद्याखांद्यावरून नाचवली जाते, गोंधळी संबळावर रात्र जागवितात, आणि दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्याला पाहुण्याला नको म्हणण्याची सोय नसते. यात्रेच्या दिवशी राई पाहता येत नाही, कारण गर्दी असते. राईच्या दिवशी यात्रा पाहता येत नाही. तेव्हा दोनदा जावे, हे उत्तम.

काही उत्साही मंडळी राईत वृक्षारोपणाचा कार्यक्रम योजतात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका नाही, पण जेथे निसर्गाचे बी शेकडो वर्षे पडत आले आहे तेथे रोपवाटिकेतील गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरी नेऊन लावणे म्हणजे देवीच्या घरात भाडेकरू घुसविणे होय. राईला रोपांची नव्हे, गुरांपासून व वणव्यापासून संरक्षणाची गरज असते. रोपे ती स्वतः उगवविते, फक्त शेळीने ती खाऊ नयेत एवढीच तिची अपेक्षा. तसेच पडलेली वठलेली खोडे साफ करून राई स्वच्छ करण्याची मोहीमही काढू नये. ते खोड वाळवी, भुंगे, बुरशी आणि सुतार पक्षी यांचे अन्नछत्र आहे. वेचावयाच्या असतील तर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे वेचावीत, ती सभामंडपामागे हमखास सापडतात.

कायद्याची बाजूही हळूहळू हलत आहे. राजस्थानातील ओरण नावाच्या देववनांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी जो निकाल दिला, त्यात अशा वनांची जागेवर जाऊन आणि उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे आदेश आहेत, आणि देशभरातील पवित्र वनांच्या पाहणीसाठीही केंद्र सरकारला सूचना आहेत. मोजणी झाली तर भोर-वेल्ह्यातील रायांच्या शिवा प्रथमच कागदावर उतरतील. त्यात एक धोकाही आहे: वनखात्याचा फलक लागला, की राखणीची जबाबदारी खात्याची झाली असे समजून गाव हात झटकून मोकळे होऊ शकते; आणि नुसत्या चौकीदाराने गावाच्या शिरस्त्याची जागा घेतल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. मानकरी, पुजारी आणि ग्रामसभा यांना कागदावर जागा ठेवूनच ही नोंद झाली पाहिजे.

तोपर्यंत पाहुण्याच्या हाती एक लहानशी गोष्ट निश्चित आहे. दर्शन झाल्यावर पावतीपुस्तक पुढे येते, त्यावर बहुधा मंदिर जीर्णोद्धार असे छापलेले असते, आणि नकार देणे अशिष्टपणाचे असते. देणगी जरूर द्यावी. मात्र देताना ती राईभोवतीच्या दगडी गडग्यासाठी, कुंडातला गाळ काढण्यासाठी किंवा वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढणाऱ्या पोरांच्या मजुरीसाठी आहे असे पावतीवर लिहून मागावे. पुस्तक धरणारा तरुण क्षणभर बुचकळ्यात पडतो, मग पारावरच्या मामांकडे पाहतो, आणि मामांनी मान हलविली तर लिहून देतो.